इंजिन सुरू होतं, मग बंद का पडतं?

दिवाळीनंतर मावशीकडे बनारसला गेले होते. डोक्यात घाट, सकाळची नाव आणि थंडीतली मलइयो. प्रत्यक्षात दोन दिवस गेले मावसभावाच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये. मी बीए इंग्लिश. बॉनेट उघडलं की मला सगळं सारखंच दिसतं. पण तिथे जे पाहिलं, ते सांगण्यासारखं आहे.

तो आणि त्याचे मित्र शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून गाडी बनवत होते. लोखंडी पाइपांची चौकट, त्यावर जुन्या गाडीचं तीन सिलिंडरचं इंजिन. सोमवारी परीक्षकांना ती सुरू करून दाखवायची होती. शनिवारी दुपारी मात्र ती काळा धूर सोडून मिनिटभरात बंद पडत होती.

‘‘ताई, दोनदा प्लग बदलले, तरी तेच,’’ तो रडकुंडीला आला होता.

एक नळी, चुकीची जागा

वर्कशॉपमधले वयस्क मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांनी काहीच खोललं नाही. आधी स्कॅनर लावला. इंजिन बंद असताना मॅप सेन्सरचा आकडा 100 किलोपास्कलच्या आसपास होता. ते बरोबरच, कारण तो बाहेरच्या हवेचा दाब. पण इंजिन सुरू झाल्यावरही आकडा जवळपास तिथेच!

हा सेन्सर इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजतो. इंजिन मंद चालू असतं तेव्हा थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते, म्हणून तिच्या पुढच्या भागात दाब साधारण 30 ते 40 पर्यंत उतरतो. मुलांनी सेन्सरची नळी झडपेच्या आधीच, एअर फिल्टरच्या बाजूला जोडली होती. त्यामुळे गाडीच्या संगणकाला, म्हणजे इसीयूला, वाटत होतं की इंजिनावर पूर्ण भार आहे. तो भरमसाट पेट्रोल सोडत होता. म्हणून काळा धूर, म्हणून काळे पडलेले प्लग.

नळी झडप आणि इंजिन यांच्या मधल्या तोटीवर लावली. सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

‘‘आज गाडी सुरू होणार नाही’’

चाचांनी चावी काढून खिशात टाकली. त्यांचं लक्ष दुसऱ्याच नळीवर गेलं होतं. पंपाकडून इंजिनाकडे येणारं पेट्रोल साध्या रबरी नळीतून येत होतं, आणि ती नळी सायलेन्सरच्या पाइपाला जवळजवळ टेकली होती. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल साधारण 3 बार दाबाने येतं. साधी नळी पेट्रोलने फुगते, क्लॅम्पमधून निसटते. खाली तापलेला पाइप असेल तर पुढचं सांगायला नको.

‘‘चाचा, फक्त एकदा सुरू करून बघू,’’ भावाने विनवलं. चाचा म्हणाले, ‘‘मार्क कमी पडले तर पुढच्या वेळी मिळतील. हात भाजले तर?’’

डबा घेऊन आलेली मावशी दारात उभी राहून ऐकत होती. ती काहीच बोलली नाही, पण संध्याकाळी तिनेच योग्य नळी आणायला पैसे दिले.

घरात कुणी गाडी बनवत असेल तर

* जुन्या इंजिनावरची नळी काढण्याआधी फोटो काढा, दोन्ही टोकांना एकाच नंबरची चिकटपट्टी लावा.
* मॅप सेन्सरची नळी आखूड आणि जाड भिंतीची हवी. मऊ नळी आतल्या ओढीने चपटी होते.
* सेन्सर तोटीपेक्षा उंच बसवा, म्हणजे नळीत साचलेला ओलावा परत खाली उतरेल.
* पेट्रोलसाठी इंजेक्शनच्या दाबाचीच नळी आणि क्लॅम्प वापरा. सिलिकॉनची नळी पेट्रोलला चालत नाही.
* कूलंट भरल्यावर हवा काढा. तापमानाचा सेन्सर हवेच्या बुडबुड्यात राहिला तर चुकीचा आकडा देतो.
* पहिल्यांदा इंजिन सुरू करताना अग्निशामक हाताशी ठेवा, एकट्याने सुरू करू नका.

रस्त्यावर नेता येते का?

इंग्लंडमध्ये 1957 साली आलेली लोटस सेव्हन सुट्या भागांत मिळायची आणि लोक घरी जोडायचे. आपल्याकडे नियम कडक आहेत. घरी बनवलेली गाडी चाचणी, मान्यता आणि नोंदणीशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी जीप बनवली, तेव्हा डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रा यांनी कौतुक केलं. ही गाडी नियमांत बसत नाही, हेही सांगितलं आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. कल्पकतेला दाद वेगळी, रस्त्यावरची सुरक्षितता वेगळी. भावाची गाडीही कॉलेजच्या आवारातच फिरणार आहे.

रविवारचा सगळा दिवस नळ्या बदलण्यात गेला. पुढचा पत्रा बसवायचा राहिला आणि त्याचे मार्क गेले. पण सोमवारी चावी फिरवली, तेव्हा स्कॅनरचा आकडा 100 वरून सरळ 36 वर उतरला आणि तिथेच थांबला. धूर नाही, खोकला नाही.

फोनवर आवाज ऐकवताना भाऊ म्हणाला, ‘‘ताई, ऐक ना, कशी शांत चालतेय!’’ मागून मावशीचा आवाज आला, ‘‘आता तूही शांत झोप.’’