मोडलेला हात कोणत्या खात्याचा?

समजा, एक उजवा हात मोडलाय. कोपराच्या वर, हाडाचे सरळ दोन तुकडे. प्लेट बसवावी लागली, दोन महिने काम बंद. हात वसईतल्या एका माणसाचा आहे आणि तो मोडला ओळख ना पाळख अशा कुणाला तरी वाचवताना. सरकार याला काही देणं लागतं का?

उत्तर शोधायला बसलं की थक्क व्हायला होतं. कारण ते धाडसावर अवलंबून नाही, दवाखान्याच्या बिलावरही नाही. ते अवलंबून आहे हात कशाने मोडला यावर. वसई तालुक्यातल्या तालुक्यात हा एकच हात चार ठिकाणी मोडून पाहता येतो.

पहिली जागा शिरसाड फाटा. रात्रीची वेळ, मुंबई-अहमदाबाद महामार्ग, दुचाकीवाला आडवा पडलाय. आपला माणूस टेम्पो कडेला लावून धावतो आणि मागून आलेली गाडी त्यालाच उडवते. हे मनचं सांगत नाही. हाच महामार्ग ज्या शहरात पोचतो त्या अहमदाबादेत, इस्कॉन पुलावर, २० जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर एक अपघात झाला म्हणून लोक जमले होते. त्या गर्दीत भरधाव जग्वार घुसली आणि पोलीस शिपाई, होमगार्ड यांच्यासह नऊ जण गेले.

शिरसाड फाट्यावरच्या हाताला मात्र कायद्यात जागा आहे. मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या कुणालाही नेमून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत बिनपैशाचे उपचार मिळतात. गाडी सापडली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात विमा कंपनीवर दावा लावता येतो. पळाली तर एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत गंभीर दुखापतीला पन्नास हजार आणि मृत्यूला दोन लाख. फक्त एक गंमत लक्षात घ्या. माणूस रस्त्यावर कशाला उतरला होता, हे या योजना विचारतच नाहीत. तो पानाच्या टपरीकडे निघाला असता तरी रक्कम तीच. कायद्याला अपघातग्रस्त दिसतो, मदतनीस दिसत नाही.

दुसरी जागा वसई पूर्वेचा चिंचपाडा. १८ जून २०२४ ची सकाळ, कामावर निघालेल्यांची वर्दळ. भर रस्त्यात एका तरुणाने एका तरुणीवर लोखंडी पान्याने घाव घातले, पुन्हापुन्हा, ती हलायची थांबेपर्यंत. बघणारे बघत राहिले, काहींनी मोबाइलवर टिपलं. चित्रफितीत एक माणूस पुढे होताना दिसतो. हल्लेखोर त्याच्यावर उलटतो आणि तो मागे सरतो. त्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून माणुसकी मेल्याचं जाहीर केलं. मला त्या मागे सरलेल्या एकट्याचं नवल वाटतं. हातात काही नसताना तो पुढे झाला कसा?

तो पाना त्याच्या हातावर बसला असता, तर तोही कायद्याच्या भाषेत ‘पीडित’ ठरला असता. गुन्ह्यामुळे ज्याला इजा झाली तो पीडित. मारेकऱ्याचं लक्ष्य तो होता की नव्हता, याला महत्त्व नाही. पीडितांना भरपाई द्यायची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत २००९ मध्ये आली, महाराष्ट्राची योजना २०१४ ची आणि आता ते कलम तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३९६ वं आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. आरोपी सापडला नाही तरी अर्ज करता येतो, ही त्यातली फार शहाणी गोष्ट. किती लोकांना हे ठाऊक आहे, हा प्रश्न वेगळा.

तिसरी जागा पाण्यात. जुलै २०१८ चा पाऊस वसई-विरारकर विसरलेले नाहीत: नालासोपाऱ्याचे रूळ बुडाले, गाड्या अडकल्या, मिठागराच्या वस्तीला पाण्याने वेढलं. अशा पुरात कुणाला खांद्यावरून काढताना आपला माणूस घसरला तर तलाठ्याचा पंचनामा, तहसीलदाराचा शिक्का आणि आपत्ती प्रतिसाद निधी. त्याच्या निकषांत मृत्यूच्या रकान्यात चार लाख रुपये आहेत, आणि तिथेच मदतकार्यात असलेल्यांचाही नाव घेऊन उल्लेख आहे. भारतीय सरकारी कागदावर ‘मदत करताना मेलेला माणूस’ इतक्या स्पष्टपणे क्वचित भेटतो. जखमीचं मात्र हसू येईल असं गणित: आठवड्याहून जास्त रुग्णालयात राहिलात तर सोळा हजार, कमी राहिलात तर पाच हजार चारशे. आपल्या हाताला प्लेट बसवून चौथ्या दिवशी घरी सोडलं की संपलं.

आता चौथी जागा. राजोडी किंवा कळंबचा किनारा, रविवार, लख्ख ऊन. पर्यटक बुडतोय. आपला माणूस उडी मारतो, त्याला ओढून आणतो आणि येताना लाट त्याला नांगरलेल्या होडीवर आपटते. गाडी नाही, गुन्हेगार नाही, पूर नाही. केंद्राच्या बारा आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ आहे, गारपीट आहे, टोळधाडीसारखी कीड आहे. समुद्रात बुडणं नाही. बिहारने राज्यापुरतं बुडणं आपत्तीत धरलंय. कपाटाचे तीन खण भरलेले आणि हा चौथा रिकामा, आणि नेमकं इथेच धावणाऱ्याचं काम सर्वांत निर्मळ आहे.

रिकामा म्हटलं खरं, पण त्यात एक पदक ठेवलेलं आहे. १९६१ पासून केंद्र सरकार जीवन रक्षा पदकं देतं: सर्वोत्तम, उत्तम आणि साधं. सोबत अनुक्रमे दोन लाख, दीड लाख आणि एक लाख. बुडणं, आग, विजेचा धक्का, दरड, जनावराचा हल्ला, सगळं त्यात येतं. पायऱ्यांची व्याख्या मात्र वाचण्यासारखी आहे. वरच्या दोन पायऱ्या वाचवणाऱ्याच्या जिवाला किती धोका होता त्यावर ठरतात. वाचवणाऱ्याला गंभीर शारीरिक इजा होण्याचा प्रसंग असेल तर ती तिसरी, सर्वांत खालची. शिवाय पदक म्हणजे गौरव. शिफारस जिल्ह्यातून राज्याकडे, राज्यातून दिल्लीकडे जाते आणि कुणी ती केलीच नाही तर हक्क म्हणून मागता येत नाही.

केंद्राच्या ‘राह-वीर’ योजनेचंही तसंच. रस्ता अपघातातल्या जखमीला सोनेरी तासात, म्हणजे पहिल्या तासाभरात, रुग्णालयात पोचवलं तर २०२५ पासून पंचवीस हजार रुपये मिळतात. पूर्वी पाच हजार होते. चांगलीच गोष्ट आहे. पण ते दुसऱ्याला पोचवल्याचं बक्षीस. पोचवताना आपलं काही मोडलं तर त्याचा हिशेब त्यात नाही.

मग हा हिशेब कुणी केलाय का? जर्मनीने केलाय, तोही १९२८ मध्ये. तिथे कामगारांचा जो सक्तीचा अपघात विमा आहे, त्यातच संकटात सापडलेल्याला वाचवणारा कुणीही आपोआप येतो. हप्ता नाही, नोंदणी नाही, अर्ज नाही. आपण वाटेने चाललोय, कालव्यात कुणी पडतं, आपण पाऊल उचलतो आणि त्या क्षणी आपला विमा सुरू होतो. हात मोडला तर उपचार, बुडालेली मजुरी, कायमचं अपंगत्व आलं तर निवृत्तिवेतन. इतकंच नाही, वाचवताना फाटलेला सदरा आणि पाण्यात गेलेला मोबाइलसुद्धा भरून मिळतो. तसं वेगळं कलमच आहे. ते वाचल्यावर मी थोडा वेळ पुढे वाचूच शकलो नाही. कायदा करताना कुणीतरी सदऱ्याचा विचार केला!

फ्रान्सची वाट आणखी निराळी. तिथलं सर्वोच्च प्रशासकीय न्यायालय म्हणालं, सार्वजनिक काम नगरपालिकेचं. ते तुम्ही आयत्या वेळी तिच्या वतीने केलंत तर त्या क्षणापुरते तुम्ही तिचे माणूस. सुरुवात १९४६ च्या एका खटल्यात झाली. गावच्या जत्रेत महापौराच्या सांगण्यावरून आतषबाजी उडवताना दोघे जखमी झाले आणि भरपाई गावाने दिली. मग १९७० मध्ये अटलांटिक किनाऱ्यावरच्या बात्झ-सुर-मेर गावाचं प्रकरण आलं. बुडणाऱ्याला वाचवायला स्वतःहून गेलेला माणूस बुडाला, त्याला कुणीही बोलावलेलं नव्हतं. तरी किनाऱ्याची सुरक्षितता गावाची जबाबदारी, म्हणून त्याच्या विधवेला भरपाई गावानेच द्यायची ठरली. राजोडीचा किनारा घ्या आणि पालिकेचं नाव बदला, बस.

जपानने १९५२ मध्येच कायदा केला की पोलिसांना मदत करताना किंवा जीव वाचवताना नागरिकाला इजा झाली तर उपचार आणि कुटुंबाचा आधार सरकारी तिजोरीतून.

आपल्याकडे याची एकच बाजू लिहिलेली आहे. गुन्हेगार पकडायला किंवा शांतताभंग रोखायला पोलिसाने वाजवी मदत मागितली तर ती करायला प्रत्येक नागरिक बांधील आहे, असं नागरिक सुरक्षा संहितेचं ३१ वं कलम सांगतं. मुद्दाम नकार दिला तर भारतीय न्याय संहितेखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मदत करताना हात मोडला तर काय, यावर ते कलम गप्प आहे. जर्मनीतही मदत न करणं गुन्हाच आहे, पण हुकूम देणाऱ्याने विमाही दिलाय.

अपघातातल्या मदतनीसाला भारताने खरोखर दिली ती वेगळी गोष्ट: निर्धास्तपणा. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ ला मदतनीसाच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचं बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलं. जखमीला आणून सोडा, नाव न सांगता निघून जा, कुणी अडवणार नाही. लोक ठाण्याच्या फेऱ्यांना भितात हे ओळखून केलेली ही तरतूद आहे आणि ती मोलाची आहे.

पण ज्याला स्वतःलाच लागलंय त्याने हा हक्क वापरला तर तो गोत्यात येतो. अपघात विभागात डॉक्टर विचारतात, ‘कशाने लागलं?’ नको ती कटकट म्हणून आपला माणूस सांगतो, ‘पडलो.’ केसपेपरवर तेच उमटतं. पुढे दाव्याच्या वेळी विमा कंपनीचा वकील पहिल्यांदा तोच कागद पुढे करतो. म्हणून टेबलावर झोपल्याझोपल्याच सांगावं: कुठे, कशाने, किती वाजता आणि कुणाला वाचवताना. ते एमएलसीत, म्हणजे पोलिसांकडे जाणाऱ्या वैद्यकीय नोंदीत, लिहून घ्यायला लावावं. पोलिसांच्या जबाबातही आपलं नाव नुसतं साक्षीदार म्हणून येऊ देऊ नये, जखमी म्हणून यावं. आणि ज्याला वाचवलं त्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा फोन नंबर त्याच दिवशी घेऊन ठेवावा. पदकाची शिफारस करायची झाली तर जिल्हाधिकारी कार्यालय विचारणार आहे, वाचवलेला माणूस कुठाय?