रॅन्समवेअर : व्हायरस निघेल, पण फाइल्सचं काय?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण रॅन्समवेअरची लक्षणं बघितली. कॉम्प्युटर चालू होतो, नेट चालतं, पण टॅलीची कंपनी उघडत नाही. प्रत्येक फाइलच्या नावामागे एक अनोळखी शेपूट लागलेलं असतं आणि शेजारी इंग्रजीतली चिठ्ठी असते : फाइल्स हव्या असतील तर पैसे पाठवा. आता पुढे काय करायचं, ते इथे लिहून ठेवतोय. वेळ आलीच तर मोबाइलवर हे पान उघडा आणि एकेक पायरी करत जा.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. व्हायरस काढणं आणि फाइल्स परत मिळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. चोराला दुकानाबाहेर हाकललं म्हणून त्याने लावलेलं कुलूप उघडत नाही, कारण किल्ली त्याच्या खिशात असते.

हा करतो काय?

हा प्रोग्राम गुपचूप एकेक फाइल उघडतो, तिच्यातली माहिती गणिती कुलपात टाकतो आणि परत सेव्ह करतो. टॅलीचा डेटा, एक्सेल, फोटो, पीडीएफ, काहीच सोडत नाही. विंडोजला मात्र सहसा हात लावत नाही. कॉम्प्युटरच बंद पडला तर तुम्ही चिठ्ठी वाचणार कशी?

महत्त्वाचं म्हणजे, तुमचा कॉम्प्युटर जिथे जिथे लिहू शकतो, तिथे तिथे हा पोचू शकतो. शेअर केलेला फोल्डर, लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह, कायम जोडलेली बॅकअपची हार्ड डिस्क, सगळं त्याच्या टप्प्यात असतं. विंडोज स्वतः ज्या जुन्या प्रती ठेवतं, त्याही तो बहुतेक वेळा पुसून टाकतो.

आत येण्याचे रस्ते ठरलेले आहेत : "बिल पाठवलंय" म्हणून आलेल्या ईमेलची फाइल, फुकटात मिळालेलं क्रॅक सॉफ्टवेअर, घरून टॅली बघता यावी म्हणून सोप्या पासवर्डवर उघडं ठेवलेलं रिमोट डेस्कटॉप, आणि अपडेट न केलेलं विंडोज. १२ मे २०१७ ला वॉनाक्रायने जगभर धुमाकूळ घातला. त्यावरचा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. दोन महिने ज्यांनी तो टाकला नाही, ते सापडले.

आपल्या एमआयडीसीचंच उदाहरण घ्या

जळगावच्या एमआयडीसीत दाल मिल, चटई किंवा पाइपचा कारखाना असो, नाहीतर धुळ्यात अवधानला युनिट असो, प्लॉटचं काम ज्या महामंडळाकडे असतं त्या एमआयडीसीवरच हा हल्ला झाला होता. २१ मार्च २०२१, रविवार. पहाटे अडीचच्या सुमारास सिस्टिम बंद पडल्याचे अलर्ट आले. सिनॅक नावाच्या रॅन्समवेअरने मुंबई मुख्यालयातले सर्व्हर कुलूपबंद केले होते. इतर ठिकाणच्या ऑफिसांतल्या काही कॉम्प्युटरनाही लागण झाली होती. ५०० कोटींची मागणी झाल्याच्या बातम्या आल्या, पण चिठ्ठीत थेट रक्कम लिहिलेली नाही असं एमआयडीसीने सांगितलं.

यातून दोन धडे घ्या. पहिला : लक्षण दिसताच त्यांनी सिस्टिम नेटवर्कपासून तोडल्या, आणि बॅकअप क्लाउडवर, नेटवर्कच्या वेगळ्या भागात होता, म्हणून तो वाचला. दुसरा : त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिनॅकच्या टोळीने स्वतःच किल्ल्या जाहीर केल्या आणि एम्सिसॉफ्ट कंपनीने त्यावर कुलूप उघडायचं मोफत टूल काढलं. म्हणजे आज न उघडणारी फाइल पाच महिन्यांनी उघडू शकते. म्हणून कुलूप लागलेल्या फाइल्स डिलीट करायच्या नाहीत.

पहिल्या तासात काय करायचं?

१. लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा. लावलेले पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क काढा. नेटवर्क तोडणं जमतच नसेल, तर कॉम्प्युटर बंद करा.

२. चिठ्ठीचा आणि फाइलच्या बदललेल्या नावांचा मोबाइलवर फोटो काढा.

३. बॅकअपची डिस्क "बघू तरी" म्हणून त्या कॉम्प्युटरला लावू नका. सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं.

४. घाईने फॉरमॅट मारू नका. आधी डिस्कची पूर्ण कॉपी काढून घ्या, किंवा ती डिस्क काढून ठेवा आणि नवीन टाका.

५. १९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा, जिल्ह्याच्या सायबर पोलिसांना कळवा. कंपन्यांनी असा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायचं असतं.

साफसफाई आणि वसुली

दुसऱ्या, चांगल्या कॉम्प्युटरवरून "नो मोअर रॅन्सम" या साइटवर जा. युरोपोल आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांसोबत २०१६ मध्ये ती सुरू केली. चिठ्ठी आणि एक-दोन कुलूपबंद फाइल्स टाकल्या की जात ओळखली जाते, आणि मोफत किल्ली असेल तर तिथेच मिळते. सगळ्यांवर किल्ली नाही, हेही लक्षात ठेवा. "शंभर टक्के रिकव्हरी" सांगणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.

कॉम्प्युटर साफ करण्याचा खात्रीचा मार्ग एकच : डिस्कची कॉपी झाल्यावर फॉरमॅट, नवीन विंडोज, सगळे अपडेट. मग ईमेल, बँक, जीएसटी, रिमोट डेस्कटॉप, सगळे पासवर्ड बदला. हे झाल्यावरच बॅकअप टाका.

बॅकअप नसेल तर? विक्रीचे आकडे भरलेल्या रिटर्नमधून, खरेदीचे जीएसटी पोर्टलवरून, पैशांचे बँक स्टेटमेंटवरून आणि मागच्या वर्षाची टॅली सीएकडून मिळू शकते. पण रोखीची उधारी? कोणत्या गावच्या कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती येणं आहे, हे पोर्टलला माहीत नसतं. ते फक्त तुमच्या टॅलीत होतं. खरं नुकसान ते.

आणि खंडणी? माझा सल्ला : देऊ नका. पैसे देऊनही किल्ली मिळेलच याची हमी नाही, आणि "हा देतो" म्हणून तुमचं नाव होतं ते वेगळंच.

आजच करायचं काम

नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुकानाबाहेर. दोन हार्ड डिस्क घ्या. सम तारखेला एक, विषम तारखेला दुसरी. कॉपी झाली की लगेच वायर काढायची. एक डिस्क घरी, एक कपाटात. क्लाउडचा आपोआप सिंक होणारा फोल्डर एवढ्यावर भागत नाही, कारण कुलूप लागलेली फाइलही तिथे सिंक होते. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडून न बघितलेला बॅकअप म्हणजे न मोजलेला गल्ला.

जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. तेवढा काळ एकाच डिस्कच्या भरवशावर राहू नका.

आज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी एक कॉपी काढा, वायर काढा आणि डिस्क सोबत घरी न्या. झालं की व्हिडिओखाली फक्त "काढली" एवढं लिहा. काही अडलं तर तेही विचारा, पुढच्या व्हिडिओत घेऊ.