कोळशाखालचे हिमयुग

उन्हाळ्यात पारा ४६ अंशांपलीकडे जाणे चंद्रपूरकरांना नवीन नाही. त्याच जिल्ह्याच्या भूमीवर कोणे एके काळी बर्फाचे प्रचंड थर सरकत होते, असे सांगितल्यास कोणालाही ती थट्टा वाटेल. परंतु याचा पुरावा कोणा कल्पक लेखकाच्या पुस्तकात नसून खुद्द जिल्ह्याच्या खडकांत आहे, आणि तो सापडून दीडशे वर्षे होत आली आहेत.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना १८५१ साली झाली, ती ज्ञानाच्या निखळ ओढीने नव्हे. आगबोटींना आणि पुढे रेल्वेला कोळसा हवा होता. तो कोठे आणि किती आहे हे कंपनी सरकारला जाणून घ्यावयाचे होते. या शोधात ओडिशातील तालचेर येथे गेलेल्या विल्यम आणि हेन्री या ब्लॅनफर्ड बंधूंना १८५६ साली कोळशाच्या थरांखाली एक विचित्र खडक आढळला. बारीक हिरवट गाळात मुठीएवढ्या दगडापासून पुरुषभर उंचीच्या शिळेपर्यंत सारे काही अस्ताव्यस्त रुतलेले होते. नदी आपला गाळ निवडून टाकते. जड गोटे आधी आणि बारीक माती नंतर, हा तिचा शिरस्ता. ज्याला निवड ठाऊक नाही असा एक वाहक म्हणजे बर्फ. उष्ण कटिबंधात बर्फ, हे अनुमान त्या काळी धाडसाचे होते. पुढे १८७५ साली फेडन याने पैनगंगेच्या खोऱ्यात, इरई येथे, याच थराखालच्या चुनखडीचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर समांतर ओरखडे उमटलेले असल्याची नोंद केली. दगड पोटाशी धरून सरकणारे बर्फ खालच्या खडकावर असेच ओरखडे काढते. शंकेला मग फारशी जागा उरली नाही.

हे बर्फ आले कोठून, याचे उत्तर मिळावयास मात्र शतक जावे लागले. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका येथेही त्याच काळातील हिमखुणा सापडत गेल्या. त्यांच्यावर पसरलेल्या थरांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीची जिभेच्या आकाराची पानेही तीच. एडुआर्ड झ्यूसने या विखुरलेल्या भूभागांच्या मूळ खंडाला नाव दिले ते आपल्या गोंडवनावरून. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली मृत्यू पावलेल्या कॅप्टन स्कॉटच्या तुकडीजवळ सुमारे १६ किलो दगड सापडले होते. मरणाच्या दारातही त्यांनी ते ओझे टाकले नव्हते, आणि त्या दगडांत हेच पान होते. त्याच वर्षी वेगेनरने खंडे सरकतात असा सिद्धांत मांडला; विद्वानांनी तो बराच काळ हसण्यावारी नेला. समुद्रतळ दुभंगून पसरत असतो हे १९६० च्या दशकात सिद्ध झाल्यावर वादाचा निकाल लागला. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत दक्षिण ध्रुवाच्या आसपास होता.

पण केवळ स्थान सांगून सारा उलगडा होत नाही, कारण ध्रुवाजवळच्या भूमीवर सर्वच काळात बर्फ असते असे नाही. येथे हवेचा हिशेब पाहावा लागतो. तो अश्मीभूत पानांत मिळतो: हवेत कार्बन डायऑक्साइड विपुल असेल तर पानावरची सूक्ष्म रंध्रे सामान्यतः कमी असतात, टंचाई असेल तर अधिक. प्राचीन मातीतील चुन्याच्या गाठींतूनही असाच अंदाज बांधता येतो. अशा साधनांवरून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखविले की, हवेतील या वायूचे प्रमाण वाढत गेले तसतसे ते हिमयुग मावळत गेले. बर्फ हटल्यावर आपल्याकडे दलदली आणि रानांची दाटी झाली; तीच गाडली जाऊन वर्धा खोऱ्यातील कोळसा बनला. म्हणजे कोळसा हा हवेतून काढून भूमीत ठेवलेला कार्बनच होय.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने खडकांत का डोकवावे, असे कोणी विचारील. डोकवावे, कारण कोळशाचा भाव ठरविताना आम्ही उत्खनन, मजुरी, वाहतूक आणि स्वामित्वशुल्क मोजतो. संपणाऱ्या साठ्याचे भावी मोल हवे तर हॉटेलिंगच्या १९३१ मधील निबंधाच्या आधारे मांडतो. पण ही ठेव मोडताना हवेच्या खात्यात काय जमा होते, याची नोंद खाणीच्या वहीत नसते. २०२४-२५ या वर्षी देशाचे कोळसा-उत्पादन प्रथमच १०० कोटी टनांवर गेले. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. पूर्वी असे बदल लाखो वर्षांच्या ओघात झाले. हा अडीचशे वर्षांचाही नाही. याचा अर्थ उद्या खाणी बंद कराव्यात असा नव्हे. ज्यांची चूल खाणीवर पेटते त्यांना तसे सांगणे निर्दयपणाचे ठरेल. परंतु ज्या खर्चाची नोंदच नाही तो कोणी सोसावा, हेही ठरत नाही. आणि न ठरलेला खर्च शेवटी कोरडवाहू शेतकऱ्याच्या माथी येतो.

‘याचा उपयोग काय’ हा प्रश्न भूशास्त्राला वारंवार विचारला जातो, आणि विचारणाऱ्यांत आमचे अर्थशास्त्रज्ञ आघाडीवर असतात. त्यांनी धाकट्या ब्लॅनफर्डचे पुढे काय झाले ते पाहावे. प्राचीन बर्फाचा माग काढणारा हा हेन्री १८७५ साली भारतीय हवामान खात्याचा पहिला प्रमुख झाला. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात दख्खन होरपळून निघाल्यावर पावसाचे भाकित करता येईल काय, हा प्रश्न निकडीचा झाला. हिमालयावरील हिमवर्षाव आणि मोसमी पाऊस यांचा संबंध त्याने १८८४ साली मांडला, आणि दीर्घ पल्ल्याच्या अंदाजांचा पाया घातला गेला. कोळसा शोधावयास नेमलेला माणूस पावसाच्या अंदाजापर्यंत पोहोचतो, हे कोणत्या अंदाजपत्रकात आधी लिहिता आले असते?

कोळशासाठी घेतलेली विंधनछिद्रे बहुधा हिमयुगाच्या त्या थराला टेकली की थांबविली जातात, कारण त्याखाली कोळसा नसतो. व्यापारी दृष्टीने ते योग्यच. पण वर काढलेल्या खडकाच्या नळकांड्यांत, ज्यांना गाभे म्हणतात, बर्फाकडून रानाकडे झालेले सारे स्थित्यंतर क्रमाने लिहिलेले असते. खोदाईचा खर्च झालेलाच असतो. उरतो तो छपराचा, फळ्यांचा आणि एका नोंदवहीचा. हे गाभे नमुन्यादाखल जतन करण्याची आणि विदर्भातील महाविद्यालयांना अभ्यासासाठी खुले ठेवण्याची अट खाणपट्ट्याच्या करारातच घातली जावी. इरईसारख्या ठिकाणांचे रक्षण मात्र कराराने होणार नाही, त्याला कायदा लागेल. भूवारसा-स्थळांच्या संरक्षणासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ च्या अखेरीस एका विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला होता. सारे अधिकार एकाच खात्याच्या हाती जातील, असा आक्षेप त्यावर अभ्यासकांनी घेतला, आणि तो रास्त होता. आक्षेप दूर करून, राज्यांना आणि विद्यापीठांना त्यात स्थान देऊन, तो मसुदा संसदेपुढे नेण्यास हरकत कोणाची आहे, हे खाण मंत्रालयाने सांगावे.