नाव एक, कार्डे दोन!

मुलांनी संगणकासाठी ग्राफिक्स कार्डाचा हट्ट धरला, की आई-वडील दुकानदाराला नाव आणि किंमत विचारतात. पण नुसत्या नावावर भिस्त ठेवली, तर फसगत होऊ शकते. 'जीफोर्स जीटीएक्स १०६०' हे त्याचे ठळक उदाहरण.

एनव्हिडिया कंपनीने जुलै २०१६मध्ये या कार्डाची ६ जीबी मेमरीची आवृत्ती आणली. किंमत होती २४९ डॉलर. पुढच्याच महिन्यात ३ जीबीची आवृत्ती १९९ डॉलरला आली. नावावरून वाटावे, फरक केवळ मेमरीचा. प्रत्यक्षात चित्रासाठी आकडेमोड करणारे 'कोअर' पहिल्या कार्डात १२८० होते, तर दुसऱ्यात ११५२. म्हणजे दहा टक्के कमी! वीज मात्र दोन्हींना सारखीच, १२० वॅट.

साध्या खेळात हा फरक फारसा जाणवत नाही. पण खेळातील चित्रे अधिक रेखीव ठेवली, की ३ जीबी जागा भरून जाते. मग उरलेली माहिती संगणकाच्या मुख्य मेमरीतून आणावी लागते. तो मार्ग संथ, त्यामुळे पडद्यावरचे चित्र अडखळते. स्वयंपाकघरातला डबा लहान, म्हणून दर वेळी माळ्यावर चढून धान्य काढावे, तसाच हा प्रकार!

ही कार्डे आज जुन्या मालाच्या बाजारात दिसतात. 'दोन्ही एकच हो,' असे विक्रेता म्हणाला, तरी पैसे देण्यापूर्वी मेमरी आणि कोअरची संख्या, दोन्ही तपासून घ्या.