रेणूचा आकार आणि इलेक्ट्रॉनांच्या एकाकी जोड्या

कार्बन डायऑक्साइड आणि पाणी या दोहोंचे रेणू तीन-तीन अणूंचे आहेत. दोहोंतही एक अणू मध्यभागी व दोन अणू त्याच्या दोन बाजूंस असतात. असे असता पहिल्याचा रेणू सरळ रेषेत आहे आणि दुसऱ्याचा वाकलेला. पाण्यातील दोन बंधांमधील कोन १०४.५ अंशांचा भरतो. हा भेद केवळ भूमितीपुरता नाही. सरळ रेणूत दोन्ही बंधांचे विद्युत्-ध्रुवत्व विरुद्ध दिशांना असल्यामुळे परस्परांस नाहीसे करते. वाकलेल्या रेणूत ते शिल्लक राहते. पाण्याचा रेणू सरळ असता तर मीठ विरघळविण्याचे त्याचे सामर्थ्य बहुतांशी लोपले असते.

रासायनिक सूत्रावरून या भेदाचा उलगडा होत नाही. सूत्र ही घटकांची यादी असते. अवकाशातील मांडणी तीत यावयाची नाही. १८७४ साली व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी स्वतंत्रपणे असे प्रतिपादिले की, कार्बनाचे चार बंध चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे रोखलेले असतात. परंतु ते तसे का असतात, हे सांगावयास इलेक्ट्रॉनाचाच शोध अद्याप लागावयाचा होता. बंध म्हणजे दोन अणूंनी सामाईकपणे बाळगलेली इलेक्ट्रॉनांची जोडी, ही कल्पना लुईस यांनी १९१६ साली मांडली. जपानात त्सुचिदा यांनी १९३९ साली आणि इंग्लंडात सिज्विक व पॉवेल यांनी १९४० साली तिला आकाराचा प्रश्न जोडून दिला. त्यांचे म्हणणे वरवर पाहता अगदी साधे आहे. मध्यवर्ती अणूच्या बाह्यतम कवचातील सर्व जोड्या मोजाव्या, बंधात गुंतलेल्या आणि न गुंतलेल्याही. आणि त्या परस्परांपासून होता होईल तो दूर राहतात असे मानावे. दोन जोड्या समोरासमोर येतात, तीन एका प्रतलात १२० अंशांवर पसरतात, चार चतुष्फलकाचे कोपरे गाठतात व कोन १०९.५ अंशांचा होतो, सहा अष्टफलकाचे. दुहेरी बंध येथे एकाच गटासारखा धरावयाचा. म्हणूनच कार्बन डायऑक्साइडमध्ये गट दोनच होतात आणि रेणू सरळ राहतो. चार तोंडबंद फुगे एका गाठीत बांधले असता ते आपोआप चतुष्फलकी रचना घेतात. वर्गात हा नियम बहुधा असाच दाखविला जातो.

बंधात न गुंतलेल्या जोडीला ‘एकाकी जोडी’ म्हणतात. हा शब्द प्रथमदर्शनी वदतोव्याघातासारखा वाटतो; जोडी असून ती एकाकी कशी? पण येथे एकाकीपणा जोडीतील इलेक्ट्रॉनांचा नसून जोडीचा आहे. तिला दुसऱ्या अणूची सोबत नाही, एवढाच त्याचा अर्थ. नावाचा खरा घोटाळा वेगळ्याच ठिकाणी होतो. जोड्यांच्या मांडणीला एक नाव असते आणि रेणूच्या आकाराला दुसरे, कारण आकार सांगताना फक्त अणू मोजले जातात. अमोनियात जोड्यांची मांडणी चतुष्फलकी, पण आकार त्रिकोणी पायाच्या सुळक्याचा. पाण्यातही मांडणी तीच, पण आकार वाकलेला. ही दोन नावे एकमेकांत मिसळल्यामुळे परीक्षेतील कितीतरी उत्तरे चुकतात. ‘आल्या का?’ या वाक्यात कर्ता उच्चारलेला नसतो, तरी क्रियापदाच्या रूपावरून त्याचे लिंगवचन कळते. एकाकी जोडीचे कार्य या अध्याहृत कर्त्यासारखे आहे. आकाराच्या नावात ती नसते, पण कोनाच्या मापात तिची खूण उमटते.

ही खूण नेमकी कशी उमटते, हे १९५७ साली गिलेस्पी व नायहोम यांनी दाखविले. ते दोघेही तेव्हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात होते. सिज्विक व पॉवेल यांनी सर्व जोड्या समान मानल्या होत्या. या दोघांनी त्यांत उतरंड लावली. बंधातील जोडी दोन अणुकेंद्रांच्या ओढीत सापडलेली, म्हणून आटोपशीर. एकाकी जोडी एकाच केंद्राकडे ओढलेली, म्हणून त्याच्या निकट आणि पसरट. ती अधिक जागा अडविते व बंधांना एकमेकांकडे ढकलते. मिथेनमध्ये एकाकी जोडी नाही, कोन १०९.५ अंश, अमोनियात एक, कोन सुमारे १०७, पाण्यात दोन, कोन १०४.५. नायट्रोजन ट्रायफ्लुओराइडमध्ये तो सुमारे १०२ पर्यंत उतरतो, कारण फ्लुओरीन बंधातील जोडी आपल्याकडे ओढून घेतो व मध्यभागी तिची अडचण कमी होते.

नियमाचे बळ अपरिचित संयुगांत अधिक दिसते. १९६२ साली झेनॉनची संयुगे प्रथमच तयार झाली. त्यांपैकी टेट्राफ्लुओराइडमध्ये झेनॉनभोवती सहा जोड्या येतात, चार बंधांच्या व दोन एकाकी. एकाकी जोड्यांनी परस्परांच्या समोर राहणे सर्वांत सोयीचे. मग चार फ्लुओरीन अणूंना सपाट चौरसावाचून गत्यंतर नाही. तो रेणू तसाच आढळला.

‘प्रतिसारण’ हा शब्द मात्र जपून घ्यावयास हवा. तो ऐकताच समान विद्युत्‌भारांचे परस्परांना दूर लोटणे डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात गिलेस्पी व नायहोम यांनी मुख्य भर पाउलीच्या तत्त्वावर दिला होता. समान परिवलनाचे दोन इलेक्ट्रॉन अवकाशात एकमेकांना टाळतात, मग भार असो वा नसो. जोड्या हाही एक हिशेबाचा सोयीस्कर प्रकार आहे. प्रकाश-इलेक्ट्रॉन वर्णपटात पाण्याच्या दोन एकाकी जोड्या दोन सारख्या सशाच्या कानांप्रमाणे दिसत नाहीत. तेथे दोन वेगवेगळ्या ऊर्जा मिळतात. त्यामुळे कोनाचे भाकीत खोटे ठरत नाही, पण चित्राला वस्तू समजण्याची घाई मात्र उघडी पडते.

काही ठिकाणी भाकीतही फसते. हायड्रोजन सल्फाइडमध्ये कोन सुमारे ९२ अंश आहे. मध्यवर्ती अणू मोठा असल्याने बंधांची गर्दी कमी, असे स्पष्टीकरण दिले जाते खरे, पण इतकी घट त्यातून सहजी निघत नाही. झेनॉन हेक्झाफ्लुओराइड आणि टेल्युरियमचा षट्‌क्लोराइड आयन, दोहोंतही मध्यवर्ती अणूभोवती सात जोड्या. पहिल्याचा रेणू वायुरूपात नियमित अष्टफलकापासून ढळलेला. दुसरा नियमित अष्टफलक, जणू सातवी जोडी तेथे नाहीच. सहा मोठ्या क्लोरीन अणूंच्या गर्दीत ती केंद्राजवळच्या गोलाकार कक्षेत आक्रसून बसते, असे मानतात. संक्रमणी धातूंची गोष्ट तर आणखी वेगळी. निकेलाच्या द्विभारित आयनाभोवती चार क्लोराइड आले तर चतुष्फलक होतो, चार सायनाइड आले तर सपाट चौरस. धातू तोच, भार तोच, शेजाऱ्यांची संख्याही तीच. तेथे आतल्या अपूर्ण कवचातील इलेक्ट्रॉनांचा विचार करावा लागतो, आणि त्यासाठी जोड्यांची ही मोजणी अपुरी पडते.