घरचा फोन ठेवावा की काढावा?

परवा शेलूबाजारच्या चौकात एका ओळखीच्या काकाजींनी मला हात दाखवून थांबवले. मी मोटारसायकल बाजूला घेतली. मला वाटले, तुरीवरच्या अळीबद्दल विचारतील, नाहीतर हरभऱ्याच्या बियाण्याबद्दल. पण विषय वेगळाच निघाला.

"साहेब, पोरगं म्हन्ते घरचा फोन काढून टाका. दर महिन्याले बिल भरा लागते, अन् वाजत तं कोनाचाच नाही. तुम्ही सांगा, ठेवू का काढू?"

"काकाजी, मी शेतीखात्याचा माणूस. फोनचं मला काय कळते?" असे म्हणून मी हसून निघालो खरा, पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण आमच्याही घरी टेबलावर तोच फोन आहे आणि दर महिन्याला तोच वाद आहे. म्हणून म्हटले, बियाणे घेताना जसा आपण चारही बाजूंनी विचार करतो, तसा याही गोष्टीचा एकदा नीट विचार करावा.

फोन आला तेव्हा

आमच्या घरी फोन आला १९९९ साली. मी तेव्हा शाळेत होतो. वाशीम जिल्हा नुकताच, १ जुलै १९९८ ला, अकोल्यातून वेगळा झाला होता. भारत संचार निगमही तेव्हा नव्हते. त्याचे काम १ ऑक्टोबर २००० ला सुरू झाले. त्याआधी सगळा कारभार दूरसंचार खात्याचा. अर्ज करायचा, अनामत भरायची आणि नंबर लागण्याची वाट पाहायची. वडिलांनी कापसाच्या चुकाऱ्यातून अनामत भरली. ज्या दिवशी लाइनमनने तार ओढून यंत्र बसवले, त्या दिवशी आईने त्याला हळदकुंकू लावले.

तो फोन एकट्या आमचा नव्हताच. लोकांच्या लग्नपत्रिकेवर आमचा नंबर 'पीपी' म्हणून छापला जाई. कुणाच्या जावयाचा फोन आला की मी पळत जाऊन बोलावून आणायचा. माल भरण्याआधी वडील कारंजाच्या अडत्याला फोन करत आणि सोयाबीन आज काय भावाने निघाले ते विचारत. त्या एका फोनवर गाडी त्या दिवशी जुंपायची की नाही ते ठरे.

मग काळ बदलला. देशात मोबाईलवरचे पहिले बोलणे ३१ जुलै १९९५ ला झाले, पण तो खेड्यात यायला वेळ लागला. मे २००३ पासून मोबाईलवर येणाऱ्या फोनचे पैसे लागेनासे झाले आणि मोबाईल सामान्य माणसाच्या खिशात आला. २००६ च्या सुमारास देशात तारेचे फोन सुमारे पाच कोटी होते. २०२० पर्यंत ते दोन कोटींच्या आसपास उरले. म्हणजे काकाजींच्या घरचा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. तो कोट्यवधी घरांत येऊन गेला आहे.

आधी हिशेब

पहिली गोष्ट पैशाची. मागच्या बारा महिन्यांची बिले काढा आणि बेरीज करा. समजा महिन्याचे भाडे दोनशे रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर २३६ रुपये होतात. वर्षाचे २,८३२ रुपये. आता दुसऱ्या कागदावर लिहा की वर्षभरात या फोनवरून किती फोन केले आणि किती आले. फोन महिनोन्महिने वाजलाच नसेल, घरात प्रत्येकाकडे मोबाईल असेल आणि घरात बसूनही त्याची रेंज चांगली मिळत असेल, तर स्पष्ट सांगतो, फोन काढा. त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. बैलगाडी गेली, ट्रॅक्टर आला, तसेच हे.

आजची सरकारी कामेही मोबाईलवाचून होत नाहीत, हे मान्य करायला हवे. बँकेचा ओटीपी मोबाईलवर येतो. पीएम किसानच्या केवायसीला ओटीपी लागतो. २०२१ पासून आपण ई-पीक पाहणी मोबाईलवरच करतो. वीज पडण्याचा इशारा देणारे 'दामिनी' ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केले, तेही मोबाईलवरच चालते. ही कामे तारेच्या फोनवर होणार नाहीत. मोबाईल तर लागणारच. त्यामुळे मोबाईल की फोन, असा हा प्रश्नच नाही. मोबाईल असताना घरचा फोनही हवा का, एवढेच ठरवायचे आहे.

पण बिल भरतो कोण आणि घरी राहतो कोण?

इथे खरी गोम आहे. बिल भरणारा मुलगा पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरला. आता जवळून समृद्धी महामार्ग गेला, गाडीने येणे-जाणे सोपे झाले. पण रात्री दोन वाजता आईच्या छातीत दुखले तर तो काही पाच मिनिटांत पोचत नाही. घरी असते ती म्हातारी आई, नाहीतर अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले वडील. फोन कुणाला लागतो? त्यांना. आणि काढायचा निर्णय कोण घेतो? मुलगा. तोही दिवाळीला दोन दिवस आला असताना.

वडील २०१९ ला गेले. तेव्हापासून आई घरी एकटी. मी नोकरीमुळे दुसऱ्या गावी राहतो. आईकडे मोबाईल आहे. पण तो कधी उशीखाली असतो, कधी चार्जिंग संपलेला, तर कधी आवाज बंद झालेला. मागे एका जूनमध्ये वादळाने तार तुटली आणि गावात दीड दिवस वीज नव्हती. मोबाईल बंद पडला. रात्री आईला चक्कर आली. ती भिंतीला धरत टेबलापर्यंत गेली आणि अंधारातच बोटाने चाचपून शेजारच्या काकूंचा नंबर लावला. त्यांच्या मोबाईलला अजून चार्जिंग होते. काकू धावत आल्या. रक्तदाबाच्या गोळीचा घोळ झाला होता, निभावले. तेव्हापासून 'फोन काढून टाकू' हे शब्द माझ्या तोंडून एकदम निघत नाहीत.

दुसरी बाजूही सांगतो. ओळखीच्या एका घरी आजीसाठी म्हणून फोन ठेवला होता. बिल नियमित भरत. एक दिवस सहज रिसीव्हर उचलला तर आवाजच नाही. कुठे रस्ता खोदताना केबल तुटली होती, आणि फोन किती दिवसांपासून मुका आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. अशा फोनचे बिल भरणे म्हणजे भाकड म्हशीला सरकी चारणे.

तार तांब्याची की काचेची?

अंधारात आमचा फोन चालला, याचे कारण समजून घ्या. जुन्या तांब्याच्या तारेतून बोलणे येते, तसा फोनला लागणारा थोडा विद्युतप्रवाहही येतो. एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या असतात. त्यामुळे आपल्या घरची वीज गेली तरी एक्स्चेंज चालू असेपर्यंत फोन चालतो.

फायबरची तार मात्र काचेच्या धाग्याची. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. फायबरवरचा फोन घरातल्या मोडेमच्या डब्यावर चालतो आणि तो डबा घरच्या विजेवर. वीज गेली की फोन गेला. इन्व्हर्टर किंवा डब्यापुरती छोटी बॅटरी लावली असेल तरच तो चालतो.

ही अडचण आपल्याच खेड्यात आहे असे समजू नका. इंग्लंडमध्येही जुनी तांब्याची फोनव्यवस्था बंद करायचे काम सुरू झाले. आधी २०२५ अखेरची मुदत होती. पण एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी फोनच्या तारेला जोडलेली मदतीची घंटा असते. तिचे काय, हा प्रश्न उभा राहिला आणि मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकलली गेली. ज्यांना दुसरा फोन नाही, त्यांना वीज गेल्यावर किमान एक तास तरी मदतीचा फोन करता आला पाहिजे, अशी अपेक्षा तिथल्या नियामकाने कंपन्यांकडून ठेवली. म्हणजे तिथेही विचार सुरू झाला तो घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसापासूनच.

तुमच्याकडे कोणती तार आहे हे ओळखायची सोपी खूण सांगतो. घरचे मेन स्विच बंद करा, इन्व्हर्टर किंवा बॅटरी असेल तर तीही बंद करा आणि साध्या फोनचा रिसीव्हर उचला. टोन आला तर तार तांब्याची. नाही आला तर फोन घरच्या विजेवर आहे, किंवा लाइनच बंद आहे. कॉर्डलेस फोनवर ही परीक्षा करू नका, त्याला वीज लागतेच.

ठेवायचा असेल तर

१) आठवड्यातून एक वार ठरवा. त्या दिवशी बाहेरगावच्या मुलाने घरच्या फोनवरच फोन करावा. फोन चालू आहे हे कळते आणि आईचा आवाजही ऐकू येतो.

२) १५ जानेवारी २०२१ पासून तारेच्या फोनवरून मोबाईल लावताना आधी शून्य लावावे लागते. भिंतीवर लिहिलेले जुने नंबर तसेच असतील तर शून्य जोडून मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहा. शून्य न लावल्यामुळे 'फोन बिघडला' असे समजणारे वडीलधारे मी पाहिले आहेत.

३) त्याच कागदावर रुग्णवाहिकेचा १०८, पोलीस व इतर मदतीचा ११२ आणि किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हे नंबर लिहा. आपल्या घराची खूणही लिहून ठेवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही आठवत नाही.

४) विजा चमकत असताना तारेचा फोन कानाला लावू नका.

५) फायबरवर जायचे असेल तर जुना नंबर तोच राहील का, हे आधी विचारा.

काढायचा असेल तर

घाई करू नका. आधी पंधरा दिवस नंबर कुठे कुठे दिला आहे ते आठवा. बँकेचे पासबुक, सोसायटी, कृषी केंद्राची डायरी, दवाखान्याचा कागद, दूरचे नातेवाईक, सगळीकडे नवा नंबर कळवा. फोन वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारसाचे कागद लागतील. ते आजच गोळा करा, पुढे त्रास वाढतो. शेवटचे बिल भरून लेखी अर्ज द्या आणि अर्जाची पोच घ्या. अनामत परत मिळते, पण ती मागावी लागते. जुनी पावती सापडली तर सोबत जोडा.

आणि फोन काढण्याआधी घरच्या म्हाताऱ्या माणसासाठी मोठ्या बटनांचा साधा मोबाईल आणा, महिनाभर वापरून बघू द्या. नुसते बोलणे आणि एसएमएस असलेले रिचार्ज ठेवावे, असे बंधन ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांवर घातले आहे. इंटरनेट नको असेल तर दुकानदाराला तेच मागा. रिचार्जची तारीख मुलाने सांभाळावी, आईवर सोडू नये.

गावच्या कारभाऱ्यांना विनंती

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील यांना एक विनंती आहे. आपल्या गावात एकटे राहणारे वृद्ध किती, याची एक यादी करा. प्रत्येकाकडे कोणता फोन आहे, तो वीज नसताना चालतो का, आणि शेजारी कोणाला कळवायचे, हे तीन रकाने ठेवा. एका वहीचे काम आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर बंद पडलेले जुने नंबर असतील तर तेही पुसून टाका. अडचणीच्या वेळी चुकीचा नंबर लावण्यात वेळ जातो.

शेवटी आमच्या घराचे सांगतो. मागच्या रविवारी मी आईला सरळ विचारले, "आई, फोन ठेवू का काढू?"

आई म्हणाली, "ठेव बापू. मोबाईलचे आकडे मले दिसत नाही. याचे बटन बोटाले समजते. पन तो मोबाईलही एकदा नीट शिकव, तुझा बाप मले फोन लावू द्यायचा नाही."

आम्ही फोन पुढच्या दिवाळीपर्यंत ठेवला आहे. त्यानंतर पुन्हा बिले काढू, पुन्हा आईला विचारू. चौकातल्या काकाजींनाही आता हेच सांगणार आहे की काकाजी, मला विचारू नका, पोराचे ऐकून लगेच अर्जही देऊ नका. आज घरी जा आणि काकूंना विचारा. दिवसभर घरी त्याच असतात.