भर दुपारचं भूत

भर दुपारी बारा वाजता एकट्यानं पिंपळाखालून जाऊ नये, हे आपण आजीकडून ऐकलेलं असतं. रात्रीची भुतं निराळी. ही टळटळीत उन्हातली, माणसं घरात, गुरं सावलीत आणि रस्ता ओस पडलेला असताना फिरणारी. सोळाशे वर्षांपूर्वी इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या ख्रिस्ती बैराग्यांनाही असंच एक दुपारचं भूत माहीत होतं. ते कुणाच्या अंगात येत नसे, कुणाला घुमवत नसे. शेजारी येऊन बसे आणि अगदी समंजस आवाजात विचारी, 'काय रे, बरं चाललंय का तुझं इथं? खरंच?'

या भुताचं नाव अकेदिया. त्याचं सगळ्यांत बारीक वर्णन लिहून ठेवलं इव्हाग्रिअस नावाच्या माणसानं. समाधान कशात आहे, हा प्रश्न सगळ्याच धर्मांनी विचारलाय. इव्हाग्रिअसनं तो उलट्या टोकानं धरला. असमाधान नेमकं किती वाजता येतं? गंमत म्हणजे त्याला याचं उत्तर सापडलं. सकाळी दहाच्या सुमारास येतं आणि दोन वाजेपर्यंत मुक्काम करतं.

इव्हाग्रिअस काही जन्माचा बैरागी नव्हता. इ. स. ३४५ च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानाच्या उत्तर भागातल्या पोंटस प्रांतात त्याचा जन्म झाला. पुढे तो राजधानी कॉन्स्टँटिनोपलला गेला, तिथल्या चर्चमध्ये डीकन झाला आणि वादविवादात भल्याभल्यांना गप्प करणारा म्हणून नावारूपाला आला. मग एका बड्या अधिकाऱ्याच्या बायकोवर त्याचा जीव जडला. त्याचा मित्र आणि चरित्रकार पॅलेडियस सांगतो की इव्हाग्रिअसला स्वप्न पडलं. त्यात त्याला बेड्या पडल्या होत्या, आणि शहर सोडून जाईन अशी शपथ त्यानं शुभवर्तमानावर हात ठेवून घेतली. जाग आल्यावर ती शपथ त्यानं खरी मानली आणि जेरुसलेम गाठलं. तिथं पुन्हा जुनं आयुष्य डोकं वर काढू लागलं, तेवढ्यात तापानं धरलं. सहा महिने काही केल्या ताप हटेना. मेलानिया नावाच्या रोमन विदुषीनं त्याच्या मनातलं काढून घेतलं आणि वाळवंटात जायचं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. मग ताप उतरला.

वाळवंटात तो स्थिरावला ती जागा केलिया, म्हणजे कोठड्यांची वस्ती. अलेक्झांड्रियाच्या दक्षिणेला, नाईलचा हिरवा पट्टा संपून वाळू सुरू होते तिथं. एकाची कोठडी दुसऱ्याच्या कोठडीपासून इतकी लांब की शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येऊ नये. शनिवार-रविवारी सगळे उपासनेला एकत्र जमायचे, बाकीचे दिवस ज्याचा तो. दिवसातून एकदा जेवण, दुपारी तीनच्या सुमारास. त्यात वाळलेली भाकर, मीठ आणि थोडं तेल. हाताला काम हवंच. बहुतेक जण खजुरीची पानं भिजवून दोर वळत, टोपल्या विणत. इव्हाग्रिअसचं अक्षर सुरेख होतं, म्हणून तो पोथ्यांच्या नकला करून पोट भरी. इ. स. ३९९ मध्ये मरेपर्यंत तो इथंच राहिला.

अशा ठिकाणी माणूस एकटा बसला आणि देवाचं नाव घेऊ लागला की शांती मिळत असेल, असं आपल्याला बाहेरून वाटतं. इव्हाग्रिअस त्याच्या 'प्राक्टिकोस' या छोट्या पुस्तकात जे सांगतो ते वाचून मात्र हसू फुटतं, आणि मग जरा अस्वस्थ व्हायला होतं.

आधी सूर्य जागचा हलेनासा होतो. दिवस पन्नास तासांचा वाटू लागतो. बैरागी खिडकीशी जातो. मग बाहेरच येतो, सूर्य कुठवर आलाय ते बघतो, जेवायला किती अवकाश आहे याचा हिशेब करतो. जरा इकडेतिकडे नजर टाकतो, कुणी भेटायला येतंय का? कुणीच येत नसतं. लगेच पुढचा विचार हजर. या लोकांत प्रेम म्हणून उरलेलं नाही. आपलं चुकून दुखलंखुपलं तर विचारायला येणारं कोण आहे? नुकतंच कुणी काही टोचून बोललं असेल तर तेही नेमकं याच वेळी आठवतं. मग जागेचा वीट येतो. हातातल्या कामाचा वीट येतो. दुसरीकडे कुठं गेलो तर चार घास सहज मिळतील, कामाला चांगला भाव येईल, आपली कदर होईल. यानंतर घरच्या माणसांची आठवण. आणि शेवटचा घाव म्हणजे समोर पसरलेलं लांबच लांब म्हातारपण, असंच, याच चार भिंतींत.

या यादीत एक वाक्य मला फार भयंकर वाटतं. भूत म्हणतं, देव काय एकाच जागी असतो का? त्याची भक्ती कुठंही करता येते. आता हे खोटं आहे असं कोण म्हणेल? येशूनं समरिया प्रांतातल्या बाईला विहिरीपाशी जवळपास हेच सांगितलं होतं. म्हणजे हे भूत शास्त्र शिकलेलं आहे. ते पाप करायला सांगत नाही, दारूच्या गुत्त्यावर चल म्हणत नाही. खरं बोलतं, पण चुकीच्या वेळी आणि चुकीच्या हेतूनं. इव्हाग्रिअसच्या मागोमाग हीच विद्या शिकलेला जॉन कॅसियन तर आणखी पुढं जातो. तो सांगतो की बैराग्याला याच वेळी आजारी भावंडांची काळजी वाटू लागते. अमक्या गावात एक धर्मशील बाई आहे, बिचारीला माहेरचं कुणी नाही, तिची विचारपूस करायला हवी. कोठडीत रिकामं बसण्यापेक्षा हे पुण्याचं काम नाही का? दया, सेवा, कर्तव्य ही सगळी चांगली माणसं एकदम दाराशी येऊन उभी राहतात, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच असतं. इथून ऊठ.

असमाधानाचं इतकं नेमकं निदान सोळाशे वर्षांपूर्वी, वीज-घड्याळ नसलेल्या एका वस्तीत झालं, याचं मला सारखं नवल वाटतं. आपण असमाधानाला पुरावा समजतो. मन लागत नाही, म्हणजे नोकरी चुकीची, गाव चुकीचं, माणसं चुकीची. वाळवंटातल्या या लोकांनी त्याला पाहुणा मानलं. तो ठरल्या वेळी येतो, ठरलेलीच वाक्यं बोलतो आणि जातो. मग त्याचं म्हणणं तपासायचं कशाला? त्याची वेळ टिपून ठेवायची.

जागा बदलून तो टळत नाही, हे त्यांनी अनुभवानं ताडलं होतं. अम्मा थिओडोरा (वाळवंटात बायकाही होत्या, आणि त्यांचं म्हणणं बाप्यांच्या बरोबरीनं जपून ठेवलं गेलं) एका बैराग्याची गोष्ट सांगायची. मोहांनी तो इतका जेरीला आला की एकदा निघायचंच ठरवून त्यानं चपला पायांत चढवायला घेतल्या. बघतो तर शेजारी सैतानही चपला घालतोय. सैतान म्हणाला, तू माझ्यापायीच निघालास ना? मग तू जाशील तिथं मी आधीच जाऊन बसतो.

दुसरी एक गोष्ट मठातल्या एका तापट भावाची. इथल्या माणसांमुळे राग येतो, एकटा राहिलो तर कुणावर रागावणार, असं म्हणत तो गुहेत जाऊन राहिला. पाण्याचा घडा भरून ठेवला, तो कलंडला. पुन्हा भरला, पुन्हा कलंडला. तिसऱ्यांदा कलंडल्यावर त्यानं रागानं घडा आपटून फोडला, आणि मग शांतपणे उठून मठात परत गेला.

मग उपाय काय? पहिला उपाय रुक्ष आहे. बसून राहा. कोठडी सोडू नकोस, कारण कितीही पटण्याजोगं असो. दुसरा उपाय हाताचा. महान अँथनी, ज्याला सगळे बैराग्यांचा बाप मानत, एकदा याच अकेदियानं ग्रासला होता. काय करू, असं त्यानं देवाला विचारलं. बाहेर येऊन बघतो तर त्याच्यासारखाच एक माणूस बसून दोर वळतोय, मग उठून प्रार्थना करतोय, पुन्हा बसून दोर वळतोय. तो देवदूत होता. असं कर आणि तरशील, एवढंच तो म्हणाला. स्वर्गातून दूत आला, तो कसलं गूढ न सांगता कामाचं वेळापत्रक देऊन गेला! मला हा ख्रिस्ती परंपरेतला फार विनोदी आणि फार शहाणा प्रसंग वाटतो.

तिसरा उपाय इव्हाग्रिअसचा खास. मनात येणाऱ्या प्रत्येक कुरबुरीला शास्त्रातलं कोणतं वचन सुनवायचं, याची त्यानं एक वहीच केली. नोंदी जवळजवळ पाचशे, आठ प्रकारच्या वाईट विचारांनुसार लावलेल्या; अकेदिया हा त्यांतलाच एक. आणि अकेदिया फारच बळावला तर आपल्याच जिवाचे दोन भाग करायचे, एकानं दुसऱ्याची समजूत काढायची, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. स्तोत्रसंहितेतला दावीद असाच आपल्या जिवाला विचारतो, तू एवढा खचलास का म्हणून. मनाशी समोरासमोर बसून बोलायची ही रीत मनाचे श्लोक म्हणत वाढलेल्यांना परकी वाटू नये.

हे सगळं नुसत्या जिद्दीच्या जोरावर चालत होतं का? तसं असतं तर हे बैरागी स्टोइक तत्त्वज्ञांच्या वाटेनं गेले असते. कशाचीच गरज न उरलेला, आपल्यातच पुरा असलेला माणूस हा त्या तत्त्वज्ञांचा आदर्श. ख्रिस्ती वाट इथं वेगळी फुटते. प्रेषित पौलानं फिलिप्पैकरांना तुरुंगातून पत्र लिहिलं. एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती त्यांनी पाठवलेली मदत पोचली होती, त्याची ती पोच. त्यात पौल म्हणतो की भरपूर असो वा टंचाई, दोन्हींत समाधानी राहायला तो शिकला आहे. शिकला, म्हणजे हे उपजत नव्हतं. आणि पुढं लगेच तो सांगतो की हे बळ ख्रिस्ताकडून येतं. तंबू शिवून पोट भरणारा हा माणूस दुसऱ्यांनी दिलेलं घेतो, आभार मानतो आणि तरीही तृप्त आहे. गरज उरणं आणि तृप्त असणं यांत त्याला विरोध दिसत नाही. वाळवंटातले लोक हाच धडा कोठडीत गिरवत होते. देव भेटणार असेल तर तो आहोत तिथंच भेटेल, या भरवशावर ते बसले होते. त्या भरवशाशिवाय ती कोठडी तुरुंगच ठरली असती.

आणि आता इव्हाग्रिअसची मला सगळ्यांत थक्क करणारी नोंद. बाकीचे वाईट विचार एकामागून एक येतात, तो म्हणतो. खादाडपणाच्या मागून वासना, रागाच्या मागून खिन्नता, असं काहीतरी. अकेदियाच्या पाठोपाठ मात्र कुणीच येत नाही. झुंज संपली की जिवाला शांतता मिळते आणि सांगता येणार नाही असा आनंद. म्हणजे त्याच्या नकाशावर समाधान आणि कंटाळा ही दोन टोकं नाहीत. समाधानाचं घर कंटाळ्याच्या लगेच पलीकडं आहे, आणि बहुतेक जण कंटाळ्याच्या दारातूनच माघारी फिरतात.

या लोकांना डोक्यावर घ्यावं असं माझं म्हणणं नाही. कडक उपासानं इव्हाग्रिअसनं स्वतःच्या पोटाची वाट लावून घेतली होती. अब्बा आर्सेनिअस, पूर्वी राजपुत्रांचा शिक्षक, खजुरीची पानं भिजवायचं पाणी वर्षातून एकदाच बदली. दरबारात असताना अत्तरं लावली, त्याची भरपाई म्हणून तो वास सोसायचा. असल्या गोष्टी वाचून नाक मुरडावंसं वाटतं. शिवाय खोल नैराश्य हा आजार आहे, त्यावर जागच्या जागी बसून राहणं हा उपाय नव्हे. आणि पुढच्या पिढ्यांनी तरी किती साधेपणा टिकवला? केलियाच्या वाळूखाली १९६० च्या दशकापासून उत्खनन झालं, दीड हजारांहून जास्त आश्रम सापडले. त्यांतल्या नंतरच्या काळातल्या कित्येकांत अंगण, विहीर, अनेक खोल्या आणि भिंतींवर रंगीत चित्रं आहेत. कोठड्यांचे वाडे झाले होते.

तरी कॅसियननं सांगितलेला अब्बा पॉल डोक्यातून जात नाही. हा इतका दूर राहायचा की जवळचं गाव सात दिवसांच्या वाटेवर. खजुरीची झाडं आणि छोटी बाग एवढ्यावर त्याचं भागत होतं. टोपल्या विणून विकायला न्याव्यात तर वाहतुकीचं भाडंच किमतीपेक्षा जास्त. म्हणजे त्याच्या कामाला बाजारात शून्य किंमत. तरी तो रोज पानं गोळा करी, रोजचं नेमलेलं काम पुरं करी. वर्षभरात गुहा भरली की सगळं जाळून टाकी आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. व्यवहारी माणूस याला वेड म्हणेल. पण कामाचं फळ काढून घेतल्यावर काम उरतं का, हा प्रश्न इतका स्वच्छ विचारलेला मी दुसरीकडं पाहिलेला नाही.

इव्हाग्रिअसच्या नशिबी मात्र निवांतपणा नव्हता. त्याचे काही तात्त्विक विचार पाखंडी ठरले, ५५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेच्या काळात त्याच्यावर ठपका आला. त्याची पुस्तकं सिरियाक आणि आर्मेनियन भाषांत तगली, ग्रीकमध्ये काही निलस या दुसऱ्याच संताच्या नावावर. त्याची आठ विचारांची यादी कॅसियननं आजच्या फ्रान्सच्या दक्षिणेत, मार्सेयला नेली. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीनं ती सातावर आणली आणि अकेदियाला खिन्नतेत मिसळून टाकलं. पुढं त्या जागी आळस येऊन बसला. सात महापापांतला आळशी माणूस चित्रांत नेहमी उशाला हात घेऊन झोपलेला दाखवतात.

कॅसियनला ते चित्र अर्धवट वाटलं असतं. अकेदियानं धरलेला माणूस दोनांपैकी एक करतो, असं त्यानं लिहून ठेवलंय. एक तर भर दुपारी ताणून देतो, नाहीतर उठून कुणाच्या तरी भल्याच्या कामाला धावत सुटतो.